सरस्वतीचा विक्रय आणि ग्रंथकाराची पायपीट

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या आरंभी, एक गृहस्थ बल्लारशहाच्या गाडीने मंचेरियलास उतरले आणि खांद्यावरील दोन जड पिशव्यांसह आमच्या शाळेत आले. पिशव्यांत त्यांनी स्वतः लिहिलेल्या व स्वतःच्या पैशाने छापविलेल्या एका मराठी पुस्तकाच्या प्रती होत्या. त्यांची विनंती साधी होती : मराठी समजणारी मुले व शिक्षक एकत्र बसवावेत, पंधरा मिनिटे पुस्तकातील काही भाग वाचू द्यावा, आणि ज्यांस घ्यावेसे वाटेल त्यांनी प्रत घ्यावी. आम्ही नकार दिला. शाळा म्हणजे बाजार नव्हे, असे काहीसे वाक्य आम्ही त्या वेळी उच्चारले, आणि ते उच्चारताना आम्हांस थोडे समाधानही वाटले, हे कबूल केले पाहिजे. गृहस्थांनी वाद घातला नाही. एक प्रत टेबलावर ठेवून ते परतीच्या गाडीस निघून गेले.

ते पुस्तक आम्ही पुढे वाचले. ते कसे होते हा ह्या लेखाचा विषय नव्हे. परंतु ज्या तत्त्वाच्या आधाराने आम्ही त्यांस परत धाडले ते तत्त्व खरोखर आपल्या परंपरेतले आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून आमचा पिच्छा सोडीना. लेखकाने लिहावे, आपल्या ग्रंथाची दवंडी त्याने स्वतः पिटू नये, ती पिटणे हलकेपणाचे, अशी समजूत आम्हां शिक्षकवर्गात तरी फार खोल रुजलेली आहे. तिचा इतिहास शोधू लागल्यावर आम्हांस जे दिसले ते येथे मांडीत आहोत.

आरंभ ह्याच भूमीपासून करणे योग्य. वरंगळच्या बाजूस बम्मेर नावाचे गाव आहे. तेथील पोतना ह्या कवीने पंधराव्या शतकात तेलुगू भागवत रचिले. त्याच्याविषयीची आख्यायिका तेलंगणातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. राजाने ग्रंथ आपणास अर्पण करावा अशी इच्छा दर्शविली, धनाचे आमिष दाखविले; तेव्हा साक्षात सरस्वती डोळ्यांत पाणी आणून कवीपुढे उभी राहिली, आणि तुला मी विकणार नाही असे आश्वासन देऊन पोतनाने ग्रंथ श्रीरामास वाहिला. आमच्या पूर्वग्रहाचे मूळ ह्या किंवा अशाच एखाद्या कथेत असावे. परंतु कथा नीट पाहिली तर पोतनाने नाकारले ते काय? त्याने राजाश्रय नाकारला. ग्रंथ एका धन्याच्या हाती जाऊन त्याच्या नावाचा होऊ नये, एवढाच त्याचा आग्रह. ग्रंथ लोकांपर्यंत पोचू नये असे त्याने कोठे म्हटले? उलट पोतनाची पद्ये आजही निरक्षरांच्या तोंडी आहेत. विकणे आणि पोचविणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत; आम्ही त्या एकच समजलो.

मराठीत पाहावे तर पोचविण्याची क्रिया किती थोर मानली गेली होती! छापखाना येण्यापूर्वी पोथीस पाय नव्हते. तिला माणसाचेच पाय लागत. समर्थांचा 'दासबोध' मठामठांतून शिष्यांनी नकलून घेतला व वाचला. ग्रंथाच्या प्रती वाढविणे हे तेथे साधनेचेच अंग होते. मोरोपंत पराडकर बारामतीस नाईकांच्या आश्रयास राहून पुराण सांगत. पण त्यांच्या आर्या बारामतीच्या बाहेर गेल्या त्या हरिदासांच्या तोंडून, आणि त्यांत सोलापूरचे राम जोशी प्रमुख. तमाशाच्या बोर्डावरून कीर्तनाच्या चौकात आलेल्या ह्या शाहिराने पंतांच्या आर्या आपल्या कीर्तनांत इतक्या रंगविल्या की विद्वानांचे काव्य बाजारपेठेतील माणसाच्या कानी पडले. ह्यास कोणी जाहिरात म्हटले नाही, ह्याचे कारण जाहिरात हा शब्दच तेव्हा ह्या अर्थाने रूढ नव्हता. कार्य मात्र तेच होते.

छापखाना आला आणि चित्र पालटले. प्रती काढणे सोपे झाले. वाचक मात्र छापून काढता येत नव्हता. इंग्रजी अमदानीच्या आरंभी मराठी ग्रंथकारास आधार उरला तो सरकारचा. पेशवाईतील दक्षिणेच्या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथांस उत्तेजन देण्याकडे वळविण्यात आला, आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत बक्षिसे मिळू लागली. ह्या व्यवस्थेने काही उपयुक्त ग्रंथ निर्माण केले ह्यात संशय नाही. तथापि पोतनाच्या दृष्टीने पाहिले तर येथे राजाच वेष पालटून आला होता. कमिटीस रुचेल तो ग्रंथ, न रुचेल तो ग्रंथ नव्हे. जोतीराव फुले ह्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून ह्या कमिटीकडे धाडले, ते स्वीकारले गेले नाही. पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी ही हकीकत स्वतःच नमूद केली आहे.

आणि मग जोतीरावांनी काय केले? नाकारलेला ग्रंथकार साधारणपणे दोन मार्ग धरतो : तो रुसतो, किंवा दुसरा आश्रयदाता शोधतो. जोतीरावांनी वाचकच शोधला, आणि तोही असा की ज्यास वाचता येत नव्हते. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांवर रचना केली ती पोवाड्याच्या रूपाने. कुणबी, माळी, महार, मांग ह्यांच्या कानास जो घाट परिचित, तोच त्यांनी उचलला. ह्याहून बोलका प्रसंग 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथाचा आहे. १८८३ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध होत असता जोतीरावांनी त्यातील मजकूर मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे वाचून दाखविला; बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांनीही तो ऐकला. पहिली प्रकरणे 'दीनबंधू' पत्रात आली व पुढील छापण्याचे थांबले; परंतु ग्रंथ अडला नाही, कारण तो आधीच कानांवाटे चालू लागला होता. शेतकऱ्याविषयीचा ग्रंथ शेतकऱ्यास ऐकविणे आणि त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहणे, ही गोष्ट छापखान्याच्या आधीची कीर्तनपरंपराच नव्या हेतूने वापरणे होते. जोतीरावांस हे म्हटलेले कदाचित आवडले नसते. पण आम्हांस तसे वाटते खरे.

ह्याच दशकांत पुण्यास दुसरा प्रयोग चालू होता, आणि तो करणारे गृहस्थ आमच्याच व्यवसायाचे. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक असता त्यांनी जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. जवळजवळ एकहाती लिहिलेले मासिक सात वर्षे चालवून त्याचे चौऱ्याऐंशी अंक काढणे हा लेखनाचा पराक्रम तर खराच. परंतु प्रसाराच्या दृष्टीनेही त्यात एक युक्ती होती. एक जाड ग्रंथ काढून तो कपाटात धूळ खात ठेवण्याऐवजी शास्त्रीबोवांनी तो महिन्यामहिन्याने वाचकाच्या दारी धाडला. वाचक एकदा मिळवून भागत नाही. तो दर महिन्यास नव्याने मिळवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे किताबखाना हे दुकान, चित्रशाळा व आर्यभूषण छापखाना ह्या उद्योगांत त्यांनी हात घातला. लेखक, संपादक, मुद्रणाचा चालक आणि पुस्तकविक्रेता ह्या चारही भूमिका एकाच माणसाने वठविल्या, आणि हे सर्व वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आत, कारण १८८२ साली ते वारले. हरिभाऊ आपट्यांनीही १८९० साली 'करमणूक' हे स्वतःचे साप्ताहिक काढून त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः दिल्या. 'पण लक्षांत कोण घेतो?' घरोघरी पोचली ती अशी.

परंतु ह्या विषयातील खरा नायक आमच्या मते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हाच होय. रायपूरला जन्मलेला, कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन अमेरिकेहून परतलेला हा पंडित मराठीत ज्ञानकोश काढण्याचे मनात आणतो. राजेरजवाड्यांकडे जावे तर त्यांच्या मर्जीवर काम. सरकारकडे जावे तर तीच गत. एकट्याने काढावे तर पैसा नाही. केतकरांनी १९१६ साली नागपुरास ज्ञानकोशमंडळ ही लिमिटेड कंपनी उभी केली. विद्वानाने भागभांडवल गोळा करून ग्रंथ काढावा, ही गोष्ट त्या काळच्या कानांस विचित्रच वाटली असेल. आम्हांस मात्र तीत मोठी दूरदृष्टी दिसते. आश्रयदाता एक असला म्हणजे तो धनी होतो. शेकडो भागीदार आणि वर्गणीदार असले म्हणजे त्यांतला कोणीच धनी होत नाही. पोतनाने राजास नकार देऊन जे साधले ते केतकरांनी समाजासच राजाच्या जागी बसवून साधले.

वर्गणीदार आधी आणि ग्रंथ मागाहून, असा हा क्रम होता. अजून न लिहिलेल्या ग्रंथास गिऱ्हाईक मिळविणे म्हणजे काय, ह्याची कल्पना शाळेच्या इमारतीसाठी गावात वर्गणी मागत फिरलेल्या मुख्याध्यापकास चांगली येईल. दाखविण्यास हाती काही नसते. असते ती केवळ आपली पत आणि आपले बोलणे. मंडळाचे एजंट गावोगाव हिंडत. केतकर स्वतःही ह्या खटपटीपासून अलिप्त राहिले नाहीत. वकिलास, सावकारास, मामलेदारास, शाळामास्तरास जाऊन पटवावे लागे की इंग्रजी 'ब्रिटानिका' असताना मराठी ज्ञानकोश कशासाठी हवा. म्हणजे प्रत्येक वर्गणीबरोबर एक लहानसे व्याख्यान द्यावे लागत होते, आणि आमच्या समजुतीप्रमाणे ह्या व्याख्यानांनीच ज्ञानकोशाचा वाचक घडविला. १९२० साली 'हिंदुस्थान आणि जग' हा पहिला प्रस्तावनाखंड बाहेर पडला. पाच प्रस्तावनाखंड, मग अकारविल्हे शरीरखंड, सूची आणि पुरवणीदाखल हिंदुस्थानखंड असे एकूण तेवीस खंड त्या दशकात पुरे झाले. ज्या भाषेत वाचक नाही अशी कुरकुर तेव्हाही चालू होती, त्या भाषेत हे घडले.

केतकरांनी ह्याहीपुढे जाऊन एक गोष्ट केली. १९२७ साली त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम, ऊर्फ ज्ञानकोशमंडळाचा इतिहास' हे पुस्तक लिहिले. ग्रंथ कसा लिहिला हे सांगणारे लेखक पुष्कळ. ग्रंथ कसा खपविला, मंडळ कसे चालविले, ह्याचा इतिहास लिहिण्याजोगा आहे असे मानणारे विरळा. आमच्या साहित्याच्या इतिहासकारांनी ह्या पुस्तकाकडे जितके पाहावे तितके पाहिलेले नाही. कादंबरीकार केतकर आम्ही शिकवितो. 'गोंडवनातील प्रियंवदा' ह्या नावात तर आमच्या आदिलाबादच्या अरण्याचा वास आहे. पण जमाखर्च मांडणारे केतकर आम्हांस काव्यहीन वाटतात. वस्तुतः ह्याच केतकरांस १९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले होते. तेव्हाच्या निजामी राज्यात, जेथे मराठी शिक्षणास फारशी जागा नव्हती, तेथे मराठीच्या अध्यक्षपदी हा ग्रंथ घेऊन हिंडणारा माणूस बसला, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

येथे तेलुगू बाजूचा एक समांतर धागा सांगितल्यावाचून राहवत नाही. कोमर्राजु लक्ष्मणराव हे आंध्रातील प्रबोधनाचे एक अग्रणी. त्यांचे शिक्षण नागपुरास झाले, मराठी त्यांस उत्तम येई व त्यांनी मराठीत लेखनही केले. १९०१ साली हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय निघाले त्यात त्यांचा पुढाकार होता. १९०६ साली तेथेच त्यांनी सहकाऱ्यांसह विज्ञानचंद्रिका मंडळी स्थापिली आणि इतिहास, चरित्र, शास्त्र ह्या विषयांवरील तेलुगू पुस्तकांची माला काढली. शिवाजी महाराजांचे तेलुगू चरित्रही त्यांनीच लिहिले. ग्रंथालय आधी, ग्रंथमाला नंतर, हा त्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पुढे त्यांनीही तेलुगू ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. १९२३ साली मृत्यूने ते अपुरे राहिले. एकाच नागपुराशी जोडलेली ही दोन माणसे, दोन भाषांत, एकाच प्रश्नाशी झगडत होती. मंचेरियलसारख्या गावी, जेथे एका घरात तेलुगू आणि शेजारच्या घरात मराठी बोलली जाते, हे दोन चरित्रांचे धडे एकाच तासास शिकविण्याजोगे आहेत.

कवींनी ह्या कामी निराळी वाट धरली. १९२३ साली पुण्यास स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने आपल्या सभासदांची पुस्तके स्वतः काढली आणि कविता सभेत गाऊन दाखविण्याची प्रथा रूढ केली. यशवंत व गिरीश ह्यांच्या गायनाने कविता पाठ्यपुस्तकाबाहेर पडली. अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहून ह्या काव्यगायनाची टर उडविली. त्या विडंबनाने मूळ कविता आणखीच लोकांच्या ध्यानी राहिल्या, ही मौज वेगळीच. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर ह्या त्रयीने गावोगाव काव्यवाचन केले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार व व्यंकटेश माडगूळकर ह्यांनी कथाकथनाने सभागृहे भरली, आणि पु. ल. देशपांडे ह्यांनी 'बटाट्याची चाळ' १९६१ पासून एकट्याने रंगभूमीवर उभी केली. छापलेले पुस्तक लेखकाने स्वतःच्या देहाने वाचकापुढे पुन्हा उभे करावे, असा प्रकार ह्याहून ठळकपणे मराठीत झाला नसेल.

ह्यात धोका नाही असे नव्हे. ऐकण्यास येणारा प्रत्येक जण पुस्तक घेतोच असे नाही; टाळ्यांची चटक लागलेला लेखक पुढे टाळ्यांसाठीच लिहू लागतो, ह्याची उदाहरणे नावे न घेता वाचकांस आठवतील. काव्यगायनाने काही सामान्य कवितांस गोड गळ्याच्या बळावर नाव मिळवून दिले आणि काही चांगल्या कविता बेसूर गळ्यामुळे मागे राहिल्या. परंतु हा दोष प्रसाराचा नव्हे, परीक्षकांचा. ज्यांनी निवड करावयाची ते आम्ही शिक्षक त्या वेळी कोठे होतो?

१९७४ साली मुंबईस 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ निघाली, तीत सभासद आधी आणि पुस्तक मागाहून हा केतकरी क्रमच पुन्हा दिसतो. मात्र येथे लेखकाऐवजी वाचकच संघटित झाले. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

आता ज्या समजुतीपासून आम्ही निघालो तिच्याकडे वळू. आज ज्यास खरोखर सरस्वतीचा विक्रय म्हणावे असे काही घडत असेल तर ते पिशवी खांद्यावर घेतलेल्या लेखकाकडून घडत नाही. ते घडते तेथे, जेथे खरेदीच्या यादीत नाव लागावे म्हणून कार्यालयांचे उंबरे झिजविले जातात, आणि पाचशे प्रती एकदम विकल्या जाऊन कधी न उघडल्या जाणाऱ्या कपाटांत जातात. तेथे राजा आहे, अर्पणपत्रिकाही आहे, केवळ वाचक नाही. सभागृह स्वखर्चाने घेऊन स्वतःचाच सत्कार घडविणाऱ्या प्रकाशनसमारंभांविषयी तर न बोललेले बरे. आम्ही अशा एकाहून अधिक समारंभांत व्यासपीठावर बसलेलो आहोत. आणि गंमत अशी की ह्या दोन्ही प्रकारांस प्रतिष्ठा आहे. हलका ठरतो तो जोतीरावांप्रमाणे वाचून दाखवू पाहणारा आणि केतकरांच्या एजंटांप्रमाणे दार ठोठावणारा.

सीमेवरील गावांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून पलीकडे गेले. उरलेल्या जिल्ह्यातील मराठी भाषक आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात राहिले. २०१६ साली मंचेरियल स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. चेन्नूरपलीकडे प्राणहिता ओलांडली की सिरोंचा, म्हणजे महाराष्ट्र. पण मराठी पुस्तक ती नदी सहसा ओलांडीत नाही. येथील पुस्तकांच्या दुकानांत तेलुगू व इंग्रजी पुस्तके असतात, आणि ते स्वाभाविकही आहे. दुकानदारास गिऱ्हाईक पाहावे लागते. अशा ठिकाणी मराठी पुस्तक येते ते माणसाच्या हातूनच : लग्नास आलेल्या पाहुण्याच्या पिशवीतून, नागपुरास शिकणाऱ्या मुलाच्या ट्रंकेतून, किंवा लेखक स्वतः घेऊन आला तर.

गतवर्षी दिवाळीची सुटी संपल्यावर आम्ही त्या गृहस्थांस पत्र लिहिले. पुस्तकावर छापलेला पत्ता बदलला असल्याने पत्र फिरत फिरत त्यांच्याकडे पोचले, आणि माघ महिन्यात ते आले. ह्या खेपेस पिशवी एकच होती. मराठी घरांतली मुले, काही पालक आणि दोघे तेलुगू शिक्षक मिळून चाळीसेक माणसे ग्रंथालयाच्या खोलीत बसली. पंधरा मिनिटांचे वाचन सुमारे तासभर चालले, कारण मध्येच एका आजोबांनी पुस्तकातील एका गावाविषयी शंका काढली आणि ते गाव त्यांचेच निघाले. अकरा प्रती गेल्या. बारावी आम्ही शाळेसाठी घेऊ लागलो तेव्हा त्यांनी स्मरण करून दिले की शाळेकडे त्यांची एक प्रत आधीच आहे, आणि तिचे पैसे मात्र राहिले आहेत. ते आम्ही त्याच वेळी दिले.